दारूमुळे थांबते ती हाडांची डागडुजी

नेहमी दारू पिणारा माणूस पडून खुबा मोडून घेतो, तेव्हा कारण कुणाला शोधावं लागत नाही. प्यायला होता, झोक गेला, पडला, मोडलं. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. चाळिशीतला माणूस चालता चालता पडला तर सहसा खरचटतं, मुका मार लागतो, फार तर मनगट मोडतं. त्या वयात एवढ्याशा पडण्याने खुबा मोडत नाही की मणका दबत नाही. तसं झालं, तर पडणं हे निमित्त. हाड त्याच्या कितीतरी आधीपासून हलकं होत आलेलं असतं, आणि त्याचा पत्ता कुणालाच नसतो, कारण पातळ होणारं हाड दुखत नाही.

दारू म्हटलं की लिव्हर आठवतं. ते बरोबरच आहे. पण लिव्हरची तक्रार निदान रक्ताच्या तपासणीत दिसते, डोळे पिवळे होतात, पोट फुगतं. हाडाची पहिली तक्रार म्हणजे थेट फ्रॅक्चर.

आत काय चालतं

हे समजायचं तर आधी एक गैरसमज काढून टाकावा लागतो. हाड एकदा तयार झालं की आयुष्यभर दगडासारखं तसंच राहतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नव्याने बांधला जातो. रोजच्या चालण्या-उचलण्याने हाडात बारीक बारीक चिरा पडतात. त्या जागा खोदून काढायच्या आणि तिथे ताजं हाड भरायचं, हे काम आत अखंड सुरू असतं.

या कामावर दोन टोळ्या असतात. एक खोदणारी. तिच्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या आम्ल आणि पाचकरस सोडून जुनं हाड विरघळवतात. दुसरी गवंड्यांची, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट पेशींची. त्या आधी कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं विणतात आणि मग त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. काम संपल्यावर काही गवंडी त्याच भिंतीत गाडले जाऊन तिथेच राहतात. हे झाले ऑस्टिओसाइट. हाडावर किती भार पडतोय, कुठे चीर गेली आहे, याची खबर हेच देतात.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एखादी जागा खोदून व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तीच जागा भरायला तीन-चार महिने. खोदणारे झपाट्याचे, गवंडी संथ. त्यामुळे गवंड्यांच्या कामात थोडाही खोडा पडला, की खड्डे उघडे राहतात. खोदणाऱ्यांनी काही आगळीक करायची गरजच नाही. ते रोजचंच काम करत राहिले तरी हाड उणं होत जातं.

दारूचा पहिला आणि मोठा घाव बसतो तो याच गवंड्यांवर. ते मंदावतात, लवकर मरतात, आणि नवे तयार होणं कमी होतं. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. हाडाच्या मगजात (बोन मॅरोमध्ये) काही मूळ पेशी असतात, ज्या गरजेप्रमाणे गवंडी बनू शकतात किंवा चरबीची पेशी बनू शकतात. दारू त्यांना चरबीकडे वळवते. म्हणजे ज्या पेशीने हाड बांधायचं, ती हाडाच्या आत चरबी साठवत बसते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या हाडाचा मगज म्हणूनच जास्त चरबीदार होत जातो. या चरबीचा हिशेब पुढे खुब्याच्या वेळी पुन्हा काढावा लागणार आहे.

गवंडी कामावर आहेत की नाही, हे रक्तातही कळतं. ते काम करताना ऑस्टिओकॅल्सिन नावाचं एक प्रथिन सोडतात. भरपूर दारू प्यायल्यावर काही तासांतच त्याची रक्तातली पातळी घसरते. दारू बंद केली की ती पुन्हा चढू लागते. एका रात्रीच्या पिण्याने हाड मोडत नाही, हे खरंच. पण त्या रात्री बांधकाम थंडावतं. रोज थंडावलं तर काय होईल, ते सांगायला वैद्यकाचं शिक्षण लागत नाही.

ही गोष्ट तशी जुनी आहे. १९६५ साली पॉल सॅव्हिल या संशोधकाने मृतदेहांच्या कमरेच्या हाडाचे तुकडे तपासले, तेव्हा मद्यपींची हाडं त्यांच्या वयाच्या इतर लोकांपेक्षा हलकी निघाली. त्याला साठेक वर्षं झाली. तरीही दारूच्या दुष्परिणामांच्या यादीत हाड बहुतेक वेळा नसतंच.

माल पोहोचत नाही, मुकादमही गायब

गवंडी जागेवर असले तरी माल लागतो. कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व हवं. उन्हातून किंवा अन्नातून मिळालेलं ड जीवनसत्त्व जसंच्या तसं उपयोगाला येत नाही. आधी लिव्हरमध्ये आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया व्हावी लागते. लिव्हर थकलेलं असेल तर पहिल्याच पायरीवर अडचण येते. त्यात दारूने स्वादुपिंड खराब झालं असेल, तर अन्नातली चरबी पचत नाही आणि चरबीत विरघळणारं ड जीवनसत्त्व तिच्याबरोबर वाया जातं.

मॅग्नेशियमची कथा कमी लोकांना माहीत असते. दारूमुळे ते लघवीतून निघून जातं. ते फारच उतरलं, की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक नीट सोडत नाहीत, आणि जे सोडतात त्याला हाडं-मूत्रपिंड दाद देत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे याच संप्रेरकाचं काम. म्हणून अशा रुग्णाला नुसतं कॅल्शियम देत राहिलं तरी पातळी वर येत नाही. मॅग्नेशियम भरून काढलं की ती सुधारते. ‘कॅल्शियमच्या गोळ्या घेतो की मी’ असं म्हणणाऱ्या पिणाऱ्याला हे सांगायला हवं.

शिवाय दारूच्या प्रत्येक ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात आणि बाकी काहीच नाही. पोट भरल्यासारखं होतं, जेवण मागे पडतं, प्रथिनं कमी पडतात. हाडाचं जाळं प्रथिनांचंच असतं.

आणि मुकादम म्हणजे संप्रेरकं. पुरुषाचं हाड टिकवण्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा आहे, आणि दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांत ते कमी होतं. उलट कॉर्टिसॉल वाढतं. स्टिरॉइडच्या गोळ्या खूप दिवस घेतल्या की हाडं ठिसूळ होतात हे अनेकांनी ऐकलेलं असतं. कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं तसंच स्टिरॉइड आहे. स्त्रियांमध्ये फार पिण्याने पाळी अनियमित होऊ शकते, इस्ट्रोजेन घटतं. पाळी गेल्यानंतर हाडं जशी झपाट्याने झिजतात, तशी ती वयाच्या आधीच झिजू लागतात.

विशीच्या आतल्या मुलामुलींची बाब थोडी वेगळी. हाडांची बहुतेक सगळी पुंजी विशीपर्यंत जमा होते, तिशीच्या आसपास ती शिगेला पोहोचते आणि नंतर उतरणच असते. जमा करण्याच्या वर्षांत सपाटून पिणाऱ्याची पुंजीच तोकडी राहते. नुकसान तेव्हा दिसत नाही, पन्नाशीनंतर दिसतं.

किती म्हणजे जास्त?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर ‘पेग’मध्ये मागतात. पण पेग, ग्लास, बाटली ही मापं फसवी आहेत. शरीराला फक्त शुद्ध अल्कोहोल कळतं. ते काढायचा हिशेब सोपा आहे. जेवढे मिलिलिटर प्यायलात त्याला बाटलीवर लिहिलेल्या टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा, म्हणजे ग्रॅम मिळतील. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की म्हणजे साधारण १९ ग्रॅम. ५ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे २० ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, हे काढायला डॉक्टर फ्रॅक्स नावाचं एक गणनयंत्र वापरतात. ते इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालं आणि २००८ पासून वापरात आहे. त्यात वय, वजन, धूम्रपान, स्टिरॉइड, आईवडिलांचा मोडलेला खुबा अशा प्रश्नांबरोबर दारूचाही प्रश्न आहे: रोज तीन किंवा जास्त युनिट घेता का? तिथे एक युनिट ८ ते १० ग्रॅमचं धरतात. म्हणजे ४० टक्क्यांच्या दारूचे रोज ९० मिली झाले, की उत्तर ‘हो’.

या प्रश्नामागचा पुरावा २००५ साली प्रसिद्ध झाला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या तीन मोठ्या पाहण्यांतल्या सुमारे १७ हजार स्त्री-पुरुषांची माहिती त्यात एकत्र केली होती. रोज दोन युनिटांपर्यंत घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. त्यापुढे मात्र ठिसूळपणामुळे होणाऱ्या फ्रॅक्चरचा धोका ३८ टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचा ६८ टक्क्यांनी जास्त निघाला. टक्के वाचून दचकायला होतं, म्हणून ते उलगडून पाहू. समजा, न पिणाऱ्या शंभर जणांपैकी तिघांचा खुबा मोडणार असेल, तर पिणाऱ्या शंभरात तो पाच जणांचा मोडेल. आकडा छोटा वाटतो. पण खुबा मोडलेल्या वयस्क माणसाच्या घरी जाऊन आलात, तर तो छोटा वाटत नाही.

आणि हो, त्या २००५ च्या अभ्यासात धोक्यातली ही वाढ फक्त हाडाच्या घनतेने समजावता आली नाही. घनता हिशेबात धरूनही धोका बराचसा तसाच राहिला. म्हणजे हाड किती भरीव आहे एवढाच प्रश्न नसतो, ते कसं बांधलंय आणि माणूस किती वेळा पडतो हेही त्यात येतं.

‘थोडी चांगली असते’ हा मुद्दा

आता त्या आवडत्या दाव्याकडे येऊ. थोडी घेणाऱ्यांची हाडं अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा किंचित दाट असतात, असं काही अभ्यासांत खरोखर दिसलं आहे, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. ते लपवायचं कारण नाही. थोड्या दारूने इस्ट्रोजेन जरा वाढतं, हे एक स्पष्टीकरण. बिअरमधलं सिलिकॉन हे दुसरं. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: अजिबात न घेणाऱ्यांच्या गटात कोण असतं? त्यात आजारी पडल्यामुळे सोडलेले असतात, औषधं चालू असलेले असतात, पूर्वी भरपूर पिऊन थांबलेले असतात. आणि थोडीच घेणारे लोक बहुतेक वेळा खाण्यापिण्यात, व्यायामात, उत्पन्नातही बरे असतात. मग दाट हाडांचं श्रेय ग्लासाला द्यायचं की बाकीच्या आयुष्याला, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

माझं मत विचाराल तर, जो घेत नाही त्याने हाडांसाठी सुरू करण्यासारखं यात काहीही नाही. तेच इस्ट्रोजेन स्तनाच्या कर्करोगाच्या बाजूनेही काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं पूर्णपणे निर्धोक असं प्रमाण नाही. हाडासाठी चालणं आणि वजन उचलणं हे उपाय आहेत, आणि त्यांना हा दुसरा हिशेब नाही.

तोल आणि स्नायू

हाड कमकुवत आणि पडणं वारंवार, असा हा दुहेरी फटका आहे. नशेत तोल जातो, ते उघडच आहे. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा तोल शुद्धीतही जातो. पायांच्या नसा मरतात, तळव्यांना जमीन नीट कळत नाही. तोल सांभाळणारा लहान मेंदू आक्रसतो. मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू वाळतात. पडताना हात पुढे करायची जी झटपट प्रतिक्रिया असते, ती उशिरा येते. मग मनगटावर निभावलं असतं ते खुब्यावर किंवा डोक्यावर जातं.

छातीचा एक्सरे वेगळ्याच कारणासाठी काढावा आणि त्यात बरगड्यांची जुनी, आपोआप भरून आलेली तीन-चार फ्रॅक्चर दिसावीत, ही डॉक्टरांच्या ओळखीची खूण आहे. रुग्णाला विचारलं तर कधी पडलो ते आठवत नसतं.

खुब्याचा गोळा मरतो तेव्हा

ठिसूळपणापेक्षा अगदी वेगळा असा एक आजार दारूमुळे होतो, आणि तो तिशी ते पन्नाशीतल्या माणसांना गाठतो. बोलण्यात त्याला ‘एव्हीएन’ (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरणं) म्हणतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि कमरेच्या खोबणीत फिरतं. या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या मोजक्या आणि बारीक. त्या बंद झाल्या की आतलं हाड मरतं, आणि अंगाचा भार पडत राहिल्याने गोळा एक दिवस चेपतो.

इथे ती मगजातली चरबी पुन्हा येते. हाडाचं कवच कडक असतं, ते फुगू शकत नाही. आत चरबीच्या पेशी फुगल्या की दाब वाढतो आणि रक्ताची वाट आवळली जाते. शिवाय रक्तातले चरबीचे कण नळ्यांत अडकतात. अपघात सोडला तर या आजाराची सर्वांत मोठी दोन कारणं म्हणजे स्टिरॉइड आणि दारू. निदान करताना तज्ज्ञ जी मर्यादा धरतात ती आठवड्याला ४०० मिली शुद्ध अल्कोहोल, सहा महिन्यांहून जास्त काळ. ४० टक्क्यांच्या दारूत मोजलं तर आठवड्याला एक लिटर, म्हणजे रोज ६० मिलीचे साधारण अडीच पेग. ‘मी काही दारुडा नाही’ म्हणणारे कितीतरी जण या रेषेपलीकडे असतात.

दुखणं जांघेत सुरू होतं. कधी ते गुडघ्यात जाणवतं आणि महिनोन्‌महिने उपचार गुडघ्यावरच होत राहतात. पाय दुमडून बसताना, मोजे चढवताना, जिना चढताना कळ येते. सुरुवातीला साध्या एक्सरेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. गोळा चेपण्याआधी कळलं तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करून पाहता येते. चेपल्यावर बहुतेकांना सांधा बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अनेकदा दोन्ही खुबे धरतात, म्हणून एका बाजूचं निदान झालं की दुसरी बाजूही तपासावी.

मोडल्यावर

फ्रॅक्चर भरून येणं म्हणजे त्याच गवंड्यांनी तातडीचं काम करणं. पिणाऱ्यात ते रेंगाळतं, काही वेळा दोन तुकडे जुळतच नाहीत, शस्त्रक्रियेच्या जखमेत संसर्ग होण्याची शक्यताही जास्त असते.

त्याहून तातडीची एक गोष्ट आहे आणि घरचे ती लाजेपोटी लपवतात. रोज पिणारा माणूस दवाखान्यात भरती झाला की त्याची दारू अचानक तुटते. पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस आरडाओरडा करतो, सलाइन उपसतो, मोडक्या पायावर उठून उभा राहतो. यात जीवही जाऊ शकतो. आधी माहीत असेल तर औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे बऱ्याच अंशी टाळता येतं. म्हणून भरती होताना रोज किती घेतो हा आकडा खरा सांगावा, कमी करून नव्हे. याच कारणासाठी अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात दारू तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

भरून निघतं का?

बरंचसं. गवंडी मेलेले असतात त्यापेक्षा थबकलेले जास्त असतात. दारू सुटल्यावर काही आठवड्यांतच रक्तातल्या खुणा सांगतात की बांधकाम पुन्हा सुरू झालंय. दोन वर्षं दूर राहिलेल्या पुरुषांच्या कण्याची आणि खुब्याची घनता थोडी, पण मोजता येईल इतकी वाढलेली आढळली आहे. मात्र हाडाच्या आत जाळीसारखी जी बारीक कमानींची रचना असते, तिच्यातली एखादी कमान पूर्ण तुटली तर ती पुन्हा सांधली जात नाही. उरलेल्या कमानी जाड होतात आणि भार वाटून घेतात. सोडायला जितका उशीर, तितक्या कमानी कमी.

हाडाची घनता डेक्सा नावाच्या तपासणीत मोजतात. तिला फारसा वेळ लागत नाही, दुखत नाही आणि क्ष-किरणही अगदी कमी लागतात. उत्तर टी-स्कोअरमध्ये येतं, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाच्या तुलनेत तुमचं हाड किती उणं, तो आकडा. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा), उणे १ ते उणे २.५ म्हणजे त्याच्या वाटेवर. हा बायकांचा आजार समजला जात असल्याने पुरुषांची तपासणी राहून जाते. वर्षानुवर्षं जास्त पिणं, किरकोळ पडण्यात हाड मोडणं, उंची कमी होणं किंवा पाठीला पोक येणं यातलं काही असेल, तर पुरुषानेही ती करून घ्यावी. सोबत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लिव्हर आणि टेस्टोस्टेरॉन यांच्याही तपासण्या.

औषधं आहेत आणि ती चालतात. पण सर्वांत जास्त दिली जाणारी अॅलेंड्रोनेटसारखी गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास ताठ बसावं लागतं, नाहीतर अन्ननलिका पोळते. आदल्या रात्रीची उतरलेली नसताना हे जमत नाही, आणि लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतील तर ती गोळी धोक्याचीच. अशांना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन हा पर्याय असतो, मूत्रपिंडं ठीक असतील तर. आणि ही औषधं सुरू करण्याआधी किडलेले, हलणारे दात दाखवून घ्यावेत: या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, आणि तिथेही दारू धोका वाढवते.